उघड्या सळया

टेलिफोन ऑफिसातून परतताना माधुरी गल्लीत वळली आणि सायकलचा ब्रेक तिच्या हातानं आपसूक दाबला. घर जागच्या जागी होतं. दार उघडं होतं, दीपानं वाळत घातलेली चादर कठड्यावरून खाली लोंबत होती. तरी घराचं डोकं बोडकं दिसत होतं. काय गेलंय ते क्षणभर कळेना. मग कळलं, बाटल्या गेल्या होत्या. खांबांतून गच्चीच्या वर कमरेइतक्या आलेल्या सळया, आणि त्यांची टोकं गंजू नयेत, कुणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून नानांनी, तिच्या वडिलांनी, त्यांच्यावर पालथ्या घातलेल्या फिनेलच्या तपकिरी बाटल्या. दिवस कलला की त्या बाटल्यांत ऊन साचायचं, चहाच्या रंगाचं, आणि गल्लीतल्या बाया म्हणायच्या, माधुरीचे कंदील लागले, चला, स्वैपाकाचं बघा. आज ऊन तेच होतं, त्याला साचायला जागा नव्हती. नुसत्या सळया आभाळात खुपसल्यासारख्या उभ्या होत्या.

दीपा ओट्यावर तांदूळ निवडत होती. भावजय म्हणून या घरात आली तेव्हापासून ती हसतमुख होती, आणि माधुरीला त्या हसण्याचं कधीच काही करता आलं नव्हतं. "आलात ताई? चहा टाकू?" "वर कोण गेलं होतं?" माधुरीनं सायकल लावता लावता विचारलं. "कानिफनाथ मिस्त्री आलते ना, गच्ची बघायला. ह्यांनीच धाडलं." "आणि बाटल्या?" दीपानं तांदळातला खडा शोधला, तो बाजूला टाकला आणि मग म्हणाली, "बाटल्या व्हय? त्यांनीच काढून जिन्याखाली ठिवल्यात. सळया बघायच्या हुत्या म्हने." उत्तरात काही खोट नव्हती. पण उत्तराआधी एक श्वास होता. माधुरीनं उमेदीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडण्यात घालवली होती. आता जागोजाग एसटीडीचे बूथ झाले, माणसं आपली आपण नंबर फिरवू लागली, आणि तिला तक्रारींच्या काउंटरवर बसवलं. कान मात्र तिथंच राहिला होता, त्या तारेवर. मुंबईचा मुलगा 'पुढच्या महिन्यात येतो' म्हणायचा त्याच्या आधीचा श्वास तिला ऐकू यायचा. माणूस शब्द निवडून बोलतो, श्वास निवडून घेत नाही. तांदळात खडा खरंच होता का, एवढं तिला पाहायचं होतं. पण ती जिना चढून वर गेली.

गच्चीवर साखर कारखान्याची काजळी पडली होती, काळ्या पिसांसारखी हलकी. उसाचं गळीत अजून चालू होतं आणि वाऱ्याला मळीचा आंबूस गोड वास होता. तिनं वाकून पाहिलं. प्रत्येक सळईच्या बुडाशी गेरूची लाल रेघ ओढली होती. बकऱ्याच्या मानेवर ओढावी तशी. ती रेघ मिस्त्रीनं ओढली असेल, पण मिस्त्रीच्या हाताला कुणी सांगितलं असेल? गेल्या पावसात स्लॅब गळला होता, तोही नेमका तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर. ती पातेलं लावून रात्र काढायची आणि सम्राट दारात उभा राहून म्हणायचा, "ताई, पुढच्या पावसाच्या आत गच्चीचं काही तरी करू." धाकट्या भावाच्या त्या बोलण्यानं तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता ती 'काही तरी' हा शब्द हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहू लागली.

सळया तिच्या होत्या. ही गोष्ट घरात कुणी कधी बोललं नव्हतं, म्हणून ती खरी होती. निदान इतकी वर्षं माधुरीनं तसंच धरलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नाना संगमनेरला आले होते, जावयाच्या ओट्यावर बसले, दिलेलं पाणी प्यायले, तिच्या कोपरावरचा निळा डाग पाहिला आणि म्हणाले, "चल." एवढंच. बाभळेश्वरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी केळी घेतली आणि सोलून तिच्या हातात दिली, ती लहान असल्यासारखी. घराचं काम तेव्हा चालूच होतं. नाना कारखान्यात फिटर, उसाचा हंगाम संपला की त्यांचे हात मोकळे व्हायचे, आणि त्या मोकळ्या हातांनी ते एकेक उन्हाळ्यात एकेक भिंत उभी करत होते. स्लॅब पडला त्या दिवशी मुकादम म्हणाला, "रखमाजी, ह्या सळया कापू का? पोरगं एकच हाय तुला. वर कुनासाठी बांधतो?" नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे." संध्याकाळी ओल्या स्लॅबवर पाणी मारताना ती त्यांच्याजवळ होती. पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून ते दूरवर फवारा उडवत होते, आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "वरचा मजला तुझा. तू हाय तोवर तुला कुनी वर बघायला लावू नये, तूच वर ऱ्हा." आई तेव्हा खाली होती. सम्राट नगरला आयटीआयला होता. ऐकायला फक्त पाणी होतं, आणि ते सिमेंटनं पिऊन टाकलं.

आई भागिरथी एकदाच या गच्चीवर आली होती आणि पायाच्या अंगठ्यानं स्लॅब उकरून बघत म्हणाली होती, "ह्याला माती न्हाई घालायची? मंग पाऊस ह्याला वळखनार कसा?" राहात्याकडच्या गावात त्यांचं घर मातीच्या माळवदाचं होतं, हात वर केला तर छताला लागेल इतकं बुटकं. पांढरीची, गावठाणातली पांढुरकी माती पाटीनं वाहून आई दर वर्षी त्याच्यावर पसरायची, आणि माधुरीला वर चढवून म्हणायची, नाच. लेकरांच्या पायांनी माळवद दाबलं जायचं. खालून आईचा आवाज यायचा, जात्यावर बसल्यासारखा घोळदार:

पांढरीच्या मातीची गं, पाटी डोईवरी जड,
लेकीच्या पावलाखाली, निजे बाबाचं माळवद.

तेव्हा छपराला कान होते. ते आपलं वजन ओळखायचं. ह्या सिमेंटला काय ओळख? त्याच्यावर जे घालाल ते त्याचं.

जे घालाल ते. तेच ठरवायला रविवारी सम्राट तिला नेवासा रोडवर राधाकृष्ण शेठच्या दुकानात घेऊन गेला. सम्राट वीज बोर्डात वायरमन होता, खांबावर चढायची सवय असल्यानं जमिनीवर जरा अवघडून चालायचा. "तूच निवड ताई. तुझ्याच खोलीवर गळतंय." हे तो म्हणाला. म्हणायच्या आधी त्यानं रस्ता ओलांडणारी बैलगाडी जाऊ दिली होती. श्वास ऐकू आला नाही. शेठनं पंख्याचं तोंड तिच्याकडं वळवलं. "बसा ताई. गच्चीचं दुखणं आणि दाताचं दुखणं, लोक सुजल्यावरच येतात." त्यानं डांबरी कागदाची गुंडाळी काढली, काळी, तुकतुकीत, मेलेल्या जनावराच्या कातडीसारखी. ह्याला खालून गरम करून स्लॅबला चिकटवायचं, काम झटपट. माधुरीनं त्यावर बोट फिरवलं. कागद म्हणजे उद्या उचकटता येणारी गोष्ट. कागदावर मजला चढू शकतो. तिच्या मनात काही तरी हलकं झालं, आणि तेवढ्यात सम्राट म्हणाला, "नको शेठ. आपल्याकडच्या उन्हानं ह्यो फुगतो. पाच-सहा वर्षांत उठतो." पाच-सहा वर्षं. म्हणजे त्यानं त्याच्या पुढचं पाहून ठेवलं होतं. "मग वरून पत्र्याची शेड टाका," शेठ म्हणाला, "ऊन नाही, पाऊस नाही." माधुरीनं हातानंच नको म्हटलं. शेडचा विचारच तिला सोसेना. शेड म्हणजे झाकण. मग राहिला विटांच्या तुकड्यांचा कोबा. उतार देऊन विटांचे तुकडे मांडायचे, सिमेंटनं भरायचे, आणि वर चिनी मातीच्या फुटक्या फरशीचे पांढरे तुकडे बसवायचे, चायना मोझॅक. "एकदा केलं की पोरांच्या पोरांना बघायला नको," शेठ म्हणाला. "ह्येच चांगलं," सम्राट म्हणाला, "न्हाई का गं ताई?" माधुरीनं पाहिलं, त्याची नजर तुकड्यांवर होती. एकदा केलं की. पांढरं, गुळगुळीत, चकचकीत, थडग्यासारखं कायमचं. तिनं मान हलवली. ती मान होकाराची होती की नव्हती, हे दोघांनीही विचारलं नाही.

मग गल्लीतल्या बायांना कळलं आणि त्या फुटक्या कपबशा आणून देऊ लागल्या. चायना मोझॅकमध्ये त्याही चालतात. कुणाची फुलांची बशी, कुणाच्या लग्नातला कप. केशरबाई म्हणाली, "आमची बशी तुमच्या गच्चीत चमकू द्या बया, आमच्या घरात तर ती कधी चमकली न्हाई." दीपानं ते सगळं एका पोत्यात भरून ओसरीत ठेवलं होतं. माधुरी शनिवारी पोत्याशी बसली आणि हात घालताच निळ्या काठाचा तुकडा वर आला. नानांचा कप. गावात हाटेलाबाहेर खिळ्याला त्यांच्यासाठी कान तुटलेला कप टांगलेला असायचा; प्यायचं, आपणच विसळायचं, पुन्हा टांगायचं. कारखान्याचा पहिला पगार झाला तेव्हा नानांनी निळ्या काठाचे कप आणले आणि सांगितलं, ह्या घरात कान तुटका कप एक दिवस राहणार नाही. स्लॅब पडला त्या दिवशी मजुरांपासून मुकादमापर्यंत सगळ्यांना त्याच कपांतून चहा दिला होता. एकेक फुटत शेवटचा उरला होता. तो गच्चीत पुरण्यासाठी फोडला, असं तिच्या मनानं म्हटलंसुद्धा.

"हा नानांचा कप ना?" आवाज तिनं काउंटरवरचा काढला, सपाट.

"व्हय. तुकडं जपून ठिवले हुते मी."

"फोडला कुणी?"

दीपाचं हसणं पहिल्यांदाच थांबलं. "ताई, असं काय करता? तुमच्याच हातनं फुटला की. जयंतीला पाव्हनं आलते तवा. तुमी मोरीत बसून रडत हुता. मीच तर उठवलं तुमाला."

माधुरीला काही आठवेना. जयंतीची गर्दी आठवली, निळे झेंडे, बुंदीचा वास, चहाचं मोठं पातेलं. तिनं आपल्या ओल्या हातातून कप निसटताना पाहायचा प्रयत्न केला, आणि तो निसटला. पण हे आठवलं, की दीपानं सांगितलं म्हणून दिसलं? ह्या वेळी श्वास नव्हता. दीपा सरळ बोलली होती. मग ज्या मनातून एवढा रडलेला दिवस पुसला जातो, त्या मनात ओल्या स्लॅबवरचं नानांचं वाक्य तेवढं कसं राहिलं? की तेही कुठल्या तरी उन्हाळ्यात, एकटीनं पलंगावर पडून वर बघताना, तिनंच रचलं होतं? आधी ती दीपावर संशय घेत होती, मग मिस्त्रीवर, मग सम्राटवर. आता तो फिरून फिरून घरी आला आणि तिच्याच उशाला बसला.

सोमवारी तिनं रजा टाकली. कानिफनाथ मिस्त्री आणि सम्राट वर होते. मिस्त्रीच्या पायाशी लोखंड कापायची करवत होती. तो हातोडीनं स्लॅब ठोकत होता. "ऐका ताई. हितं कसं वाजतंय? टणटण. आता हितं." सळईच्या बुडाशी हातोडी पडली आणि आवाज बद्द झाला, आत कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखा. "पानी हितनं उतारतंय. सळई गंजली की फुगती, फुगली की चीर पडती. वरनं बाटल्या घालून काय उपेग? रोग बुडाशी हाय." तिला फरक ऐकू आला. कानानं साक्ष दिली, तरी ती म्हणाली, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" "मला कोन सांगनार?" मिस्त्री हसला. "माझा बापसुदिक मलाच इचारायचा. बरं, बोला आता. कापू का ठिवू? कोबा टाकल्यावर मंग हलवता यायचं न्हाई."

सम्राट कठड्याशी पाठमोरा उभा होता. कारखान्याच्या धुराकडं बघत तो म्हणाला, "मला काय इचारता? ताईला इचारा. सळया तिच्या हायेत."

माधुरीच्या कानात सगळ्या तारा एकदम वाजल्या. म्हणजे ते वाक्य होतं. नाना बोलले होते. त्यालाही बोलले होते, किंवा त्यानं न बोलता ओळखलं होतं. एवढी वर्षं ती एकटीच पोटाशी धरून बसली होती ते ह्याच्याही खिशात होतं. तिचे डोळे भरून येणार तेवढ्यात दुसरा विचार मागच्या दारानं आत आला. तो माझ्या हातात करवत देतो आहे. मी 'कापा' म्हणाले की त्याच्या अंगाला काही लागणार नाही. गल्लीत सांगायला मोकळा, ताईनंच कापायला लावल्या. आणि 'ठेवा' म्हणाले की गळणाऱ्या घराचं पाप माझं. असला सोपा शब्द भाऊ फुकट देतो का? तिनं त्याच्या पाठीकडं पाहिलं. शर्टावर घामाचा नकाशा होता, नानांच्या पाठीवर असायचा तसाच. पाठीवरून काही वाचता येत नाही.

"ठेवा," ती म्हणाली.

"मंग गळलं तर माझ्या नावानं खडे फोडू नका," मिस्त्री म्हणाला. "सिमेंटचा उंचवटा करून देतो बुडाशी. पन शाश्वती न्हाई."

सम्राट वळला. "असं करू. काम झालं की गच्चीत पानी कोंडू. खाली थेंब दिसला तर ताई, मग मात्र कापायच्या. तेवढा कोबा फोडू. न्हाई दिसला तर ऱ्हाऊ दे जलमभर." बहीण-भावात हे ठरलं, आणि मिस्त्रीनं करवत पोत्यात टाकली.

कोबा झाला, त्यावर तुकडे बसले. मिस्त्रीचा हात चालत गेला आणि केशरबाईची बशी, कुणाकुणाचे कप, शेठच्या फरश्या एकमेकांना खेटून गच्चीभर पसरल्या. निळ्या काठाचे तुकडे माधुरीनं स्वतः दिले. ते मधल्या खांबाजवळ बसले. मग ती जिन्याखालच्या बाटल्या आणायला गेली. धूळ पुसताना तिच्या लक्षात आलं, साऱ्या बाटल्या फिनेलच्या नाहीत. निम्म्या जाड काचेच्या, रुंद तोंडाच्या, आणि आतून तेलाचा पिवळा थर. त्यातल्या एकीवर चिठ्ठीचा तुकडा चिकटला होता, वीज बोर्डाच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा. ती बाटली हातात घेऊन जिन्याखालच्या अंधारात बसून राहिली. नाना गेले तेव्हा सम्राट बोर्डात लागलाही नव्हता. म्हणजे गारपिटीत फुटल्या असतील, वाऱ्यानं पडल्या असतील, आणि कुणी तरी वर जाऊन दुसऱ्या घातल्या होत्या, काही न बोलता, वर्षानुवर्षं. गल्लीतल्या बाया ज्यांना माधुरीचे कंदील म्हणायच्या त्यांतले निम्मे तिनं कधी ओळखलेच नव्हते. एवढ्या कानाच्या बाईला बाटलीतला फरक दिसला नाही. ती वर गेली आणि एकेक सळईवर एकेक बाटली पालथी घालत गेली.

कठड्याची भोकं बुजवून गच्चीत घोट्याएवढं पाणी भरलं. सम्राटनं ते भरलं आणि वरच थांबला. माधुरी खाली आपल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं, आणि छताकडं बघत पलंगाशी उभी राहिली. दुपार उतरत होती. वर पाण्याचं आभाळ आणि खाली ती, मध्ये नानांचा स्लॅब. माळवद असतं तर त्यानं कधीच सांगितलं असतं. तिनं हात पुढं केला, उताणा, प्रसादाला करावा तसा, आणि थांबली. छताला जुन्या ओलीचा डाग होता, त्याची कड हळूहळू गडद झाली. मग त्या कडेला एक टिपूस जमलं. ते फुगलं, थरथरलं, बराच वेळ ठरवत राहिलं, आणि तिच्या तळहातावर पडलं. गार, चुनकट, जरासं गंजाच्या रंगाचं. मिस्त्री खरं बोलला होता. सगळेच खरं बोलत होते. तिनं मूठ मिटली.

"ताई." खिडकीच्या वर कठड्यावरून वाकलेल्या सम्राटची सावली समोरच्या घराच्या भिंतीवर पडली होती. "गळतंय का गं?"

"नाही." तिनं लगेच सांगितलं. पण सांगायच्या आधी तिनं श्वास घेतला होता, आणि तो तिचा तिला ऐकू आला.

वर काही हललं नाही. सावली तशीच. ती वाट पाहत राहिली. आता तो खाली येईल, दार ढकलेल, म्हणेल, मूठ उघड. तारेवर असली शांतता तिनं हजारदा ऐकली होती. पलीकडच्या माणसाला कळलेलं असतं आणि तो फोन ठेवत नाही, अशी. दुसरा थेंब जमला आणि पलंगावरच्या चादरीवर पडला, आवाज न करता.

"बरं," सम्राट म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "पलंग तेवढा सरकवून घे."

पलंग जड लोखंडी होता. गळक्या रात्री दीपाची झोपमोड होऊ नये म्हणून माधुरी तो नेहमी एक बाजू उचलून हळूच हलवायची. आज तिनं तो उचलला नाही. दोन्ही हातांनी धरून तिनं तो फरशीवरून भिंतीपर्यंत फरफटत नेला, वर ऐकू जाईल असा.